हेम्पच्या लागवडीचा ‘परवाना’ घेऊन माणसं गावोगाव फिरताहेत. पेरण्याआधी कायदा समजून घ्या (नागपूर जिल्हा)

रामटेककर

नमस्कार मंडळी. पेरण्या तोंडावर आल्यात म्हणून हा धागा आत्ताच काढतोय, नंतर लिहून उपयोग नाही.

मी शेतकरी उत्पादक कंपन्यांचे करार आणि परवान्यांचे कागद तपासायचं काम करतो. काटोल, कळमेश्वर, सावनेर, उमरेड या पट्ट्यात सध्या ‘इंडस्ट्रियल हेम्प’च्या (धागा आणि बी यांसाठी लावायचं, कमी नशेचं भांगेच्या कुळातलं झाड) करारशेतीची माणसं फिरत आहेत. बोलणं सगळ्यांचं सारखंच. बियाणं आमचं, माल आम्ही वावरातून उचलू, पाणी कमी लागतं, बोंडअळीची भानगड नाही, परवाना आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त एकरी अनामत भरा. कापसाने आणि सोयाबीनने पोळलेला माणूस हे ऐकून थांबतोच, त्यात त्याचा काही दोष नाही.

मुद्द्याचं आधी सांगतो. आज महाराष्ट्रात हेम्पचं न उगवणारं बी खाद्य म्हणून विकता येतं, त्याचं तेल काढता येतं, हेम्पचं कापड आणून शिवता येतं. पण त्याचं एक रोपही वावरात लावता येत नाही. लावायचा परवाना कुठलीही खाजगी कंपनी देऊ शकत नाही. तो सरकारच देऊ शकतं, आणि आपल्या राज्याने तो देण्याचे नियम अजून केलेलेच नाहीत.

आता कायदा. एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांचा १९८५ चा कायदा. त्याचं कलम ८ भांगेच्या कुळातलं कुठलंही झाड लावायला मनाई करतं. कुठलंही. टीएचसी (नशा आणणारा घटक) किती टक्क्यांपर्यंत चालेल, अशी रेषच या कायद्यात नाही. ०.३ टक्के हा आकडा सगळेजण सांगतात, तो उत्तराखंडाच्या धोरणातला आहे, अमेरिकेतला आहे. आपल्या मूळ कायद्यापुढे ०.३ टक्क्यांचं रोप आणि गांजाचं रोप दोन्ही सारखीच.

सूट आहे, पण ती सरकारच्या हातात आहे. कलम १० राज्य सरकारला लागवडीसाठी नियम करून परवाने देण्याचा अधिकार देतं. कलम १४ म्हणतं, केवळ धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कामासाठी, किंवा बागायतीसाठी, सरकार आदेश काढून लागवडीला मुभा देऊ शकतं. उत्तराखंडाने याच वाटेने जाऊन २०१८ मध्ये देशातला पहिला लागवडीचा परवाना दिला, तोही पौडी गढवालच्या डोंगराळ भागासाठी, ०.३ टक्क्यांची अट घालून. हिमाचलने २०२३ मध्ये महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०२४ मध्ये विधानसभेत तिचा अहवाल स्वीकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी या दोन विद्यापीठांना आधी प्रायोगिक अभ्यास करायला सांगितला. आपल्याकडे यातलं काहीच झालेलं नाही.

मग त्या माणसांच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये काय असतं? मी पाहिलेल्या फोल्डरमध्ये वर एफएसएसएआयचं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) प्रमाणपत्र होतं, १४ अंकी क्रमांकाचं. खाली उद्यम नोंदणी, त्याखाली जीएसटी. तिन्ही कागद खरे. पण पहिला खाद्यपदार्थाच्या धंद्यासाठी, दुसरा लघुउद्योग म्हणून नोंद झाल्याचा, तिसरा कर भरण्यासाठी. वावराशी यातल्या एकाचाही संबंध नाही. आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरच्या करारात, मागच्या पानावर, एक कलम होतं: लागवडीसाठी लागणाऱ्या सर्व शासकीय परवानग्या मिळवण्याची जबाबदारी शेतकऱ्याची राहील. तोंडी परवाना यांचा, लेखी जबाबदारी तुमची.

विनापरवाना लागवडीला कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. सातबारा ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्या दारात येतात. कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असतं.

मी या पिकाच्या विरोधात नाही. विदर्भात ते यावं, नीट यावं, असंच मला वाटतं. पण शेतकऱ्याच्या गळ्याला फास लावून नको. ज्यांच्याकडे असे करार आलेत त्यांनी इथे लिहा, नाव-गाव न टाकता.

पऱ्हाटी

रामटेककर भाऊ, लय मोठं काम केलं तुम्ही. माह्याकडे हाच कागद आहे. कळमेश्वरकडचा आहे मी. दोन एकराची अनामत चेकने देऊन बसलो, बियाण्याची पिशवी बी घरात येऊन पडली. मागचं पान आत्ता वाचलं, तुम्ही लिहिलं तेच कलम आहे, शब्द थोडे इकडेतिकडे. तो माणूस म्हणून राहिला होता की कलेक्टर ऑफिसला अर्ज टाकलेला आहे, पोचपावती आहे, म्हणजे परवानगी धरून चाला. पोचपावतीवर पेरता येते का?

कोर्टकचेरी

पऱ्हाटी भाऊ, नाही. पोचपावती म्हणजे अर्ज पोचल्याचा पुरावा, मंजुरीचा नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना पत्र दिलं होतं की मला गांजा लावू द्या, अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजेन. बातमी देशभर गाजली. परवानगी अशी मिळत नसते. अंमली पदार्थांच्या कायद्यात ‘उत्तर नाही म्हणजे होकार’ असं कुठेही नाही.

मी नागपूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात या कायद्याखालचे जामीन अर्ज चालवते, म्हणून शेतकऱ्याला कुठे कुठे अडकायला होतं ते सांगते.

गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या किंवा फळ धरलेल्या शेंड्यांपुरती आहे. शेंड्यासोबत नसलेलं पान आणि बी त्यात येत नाही. पण धाडीत पोलीस झाडं मुळासकट उपटतात आणि माती झटकून सगळ्याचं मिळून वजन करतात. गांजाची ‘व्यापारी मात्रा’ २० किलोच्या वर. हिरवी, पाण्याने भरलेली झाडं २० किलो व्हायला कितीसा वेळ लागतो? मग कलम ३७ लागलं म्हणून सरकारी पक्ष उभा राहतो, आणि त्या कलमात जामीन फार कठीण. देठ, मुळं, पानं वजा करा, शेंड्यांचं वेगळं वजन दाखवा, असा युक्तिवाद आम्ही करतो आणि पुष्कळदा तो ऐकला जातो. पण तोपर्यंत माणूस आत असतो आणि हंगाम गेलेला असतो.

दुसरं, कलम ५४. तुम्ही कसत असलेल्या जमिनीवर झाड उभं असेल तर ते तुमचंच, असं न्यायालय धरून चालू शकतं. नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. तिसरं, जमीन ठेक्याने दिली, मी काही लावलं नाही, असं म्हणून मालक सुटत नाही. माहीत असून जमीन वापरू दिली तर कलम २५ आहे. आणि चौथं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाल्याची खबर देणं हे जमीनधारकाचं कर्तव्य आहे, आणि कलम ४७ प्रमाणे पंच, सरपंच आणि गावकामगारांचंही.

घाणेवाली

हे वाचून लोकांना वाटेल की हेम्पचा धंदाच बेकायदा आहे, म्हणून लिहिते. हिंगण्याला माझा लाकडी घाण्याचा कारखाना आहे. जवस, तीळ, करडई, आणि गेल्या काही वर्षांपासून हेम्पचं बी. सगळं परवान्यात बसवून.

एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना खाद्य म्हणून मान्यता दिली. आकडे पाठ करून ठेवा. बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नको, तेलात १० मिलिग्रॅमच्या वर नको, बियांपासून केलेल्या पेयात ०.२. सीबीडी (याच झाडातला, नशा न आणणारा घटक) कुठल्याच पदार्थात किलोमागे ७५ मिलिग्रॅमच्या पुढे नको. बी उगवणारं नको. पाकिटावर नशा सुचवणारे शब्द किंवा ते पानाचं चित्र नको, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. डिझाइन करणारी पोरं सवयीने हिरवं पान टाकतात. मी माझ्या लेबलवर बियांचंच चित्र ठेवलंय.

कच्चा माल मी परवानाधारक पुरवठादाराकडून घेते, बिलासकट, प्रत्येक लॉटच्या चाचणी अहवालासकट. अहवालावरचा लॉट नंबर आणि गोणीवरचा लॉट नंबर जुळला नाही तर गोणी उतरवूनच घेत नाही. तेल निघालं की माझ्या बॅचचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. खर्च येतो. पण अन्न व औषध प्रशासनाचे साहेब तपासणीला आले तेव्हा मी फाइल पुढे ठेवली आणि त्यांनी ती पाचच मिनिटांत परत दिली.

एक धंद्याची गोष्ट. हे तेल फार नाजूक असतं. आपल्या नागपूरच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात ठेवलं की खवट होतं. मी गडद काचेच्या बाटल्यांत भरून थंड खोलीत ठेवते आणि एप्रिल-मे मध्ये घाणा कमीच चालवते. तळणाला ते चालत नाही, चटणीवर, कोशिंबिरीवर वरून घ्यायचं. उत्तराखंडात पहाडी लोक या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात, आपल्या जवसाच्या चटणीसारखी. ज्यांना या धंद्यात यायचंय त्यांनी आधी ती करून बघा, चव कळेल.

नंदनवन०७

घाणेवाली ताई, माहिती छान. पण मला मूळ प्रश्न विचारायचाय. बियांचं तेल चालतं, कापड चालतं, मग झाड का नाही? इतर राज्यं पुढे जात आहेत आणि आम्ही दुसऱ्यांनी पिकवलेलं बी आणून घाण्यात घालायचं? डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगात भांगेला सर्वांत धोकादायक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला, त्यात भारताने बाजूने मत दिलं. तिकडे व्हिएन्नात एक आणि इथे कळमेश्वरात दुसरं, असं का? माझं तर मत आहे की गांजासकट सगळंच परवान्याखाली आणावं.

रामटेककर

नंदनवन, झाड का नाही हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझाही तोच आहे. फक्त गांजाचा विषय यात मिसळू नका, एवढी विनंती. तो वाद स्वतंत्र आहे, मोठा आहे, आणि त्यात हेम्पचा शेतकरी विनाकारण भरडला जातो. मंत्रालयात फाइल गेली की कुणीतरी म्हणतं, ‘अरे, हे गांजावाले’, आणि फाइल तिथेच पडते.

१९६१ च्या ज्या आंतरराष्ट्रीय करारामुळे आपल्याला हा कायदा करावा लागला, त्याच करारात धागा आणि बी यांसाठीच्या लागवडीला स्पष्ट सूट आहे. केंद्राच्या २०१२ च्या अंमली पदार्थविषयक राष्ट्रीय धोरणात कमी टीएचसीच्या वाणांवर संशोधनाला उत्तेजन द्यावं असं लिहिलंय. दार बंद नाही. महाराष्ट्राने ते ढकलून पाहिलेलं नाही, एवढंच.

महालचा वैद्य

औषधाच्या बाजूने थोडं. विजया, म्हणजे भांग, ही आयुर्वेदात जुनी आहे आणि आजही तिची औषधं कायदेशीर बनतात. पण तो परवाना तिसराच. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना लागतो, नमुना २५-डी. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. भांग (बी सोडून) ही अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. त्यामुळे अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणं बंधनकारक आहे.

माझ्याकडे रुग्ण इंटरनेटवरून मागवलेल्या बाटल्या घेऊन येतात. काहींवर परवाना क्रमांक, घटक, बॅच सगळं व्यवस्थित असतं. काहींवर फक्त ‘हेम्प ऑइल’ लिहिलेलं असतं. बियांचं खाद्यतेल आणि पानांचा अर्क या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यासाठी म्हणून कुठली दिली जातेय हे कुणी बघत नाही. बाटलीवर एफएसएसएआयचा क्रमांक असेल तर ते खाद्य. आयुर्वेदिक औषध परवान्याचा क्रमांक असेल तर ते औषध, आणि ते वैद्याला विचारूनच घ्या. दोन्ही नसेल तर घेऊ नका.

आणि पानाबद्दल गैरसमज आहे. पान केंद्राच्या कायद्यातल्या गांजात येत नाही म्हणून ते मोकळं, असं लोक समजतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भांग त्या व्याख्येत येत नाही असं म्हटलंही. पण आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आहे, आणि त्यातल्या ‘मादक औषधी द्रव्या’त भांगेचं पान येतं.

कोर्टकचेरी

वैद्यराजांना दुजोरा. पानाचा मामला महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जातो. दुसऱ्या राज्यात सरकारमान्य भांगेचं दुकान पाहिलं म्हणून तिथून पाकीट आणून इथे विकायला ठेवाल तर पंचाईत होईल.

मृदगंध

मी कृषी संशोधनातून निवृत्त झालो. कायद्यापेक्षा पिकाबद्दल बोलतो, कारण उद्या परवाना मिळाला तरी हे प्रश्न उभे राहणारच.

हेम्प दिवसाच्या लांबीवर चालणारं पीक आहे. दिवस लहान व्हायला लागले की फुलोऱ्यात जातं. युरोपातली धाग्याची वाणं तिथल्या उन्हाळ्यातल्या लांबच लांब दिवसांवर वाढवलेली असतात. ती आपल्या २१ अंश अक्षांशावर आणली की गुडघा-मांडीएवढी उंची झाली नाही तोच फुलावर येतात, मग धागा कुठून मिळणार? म्हणजे बाहेरून आणलेलं ‘प्रमाणित’ बी इथे चालेलच असं नाही. इथल्या हवामानासाठी वाण इथेच निवडावं लागेल, आणि त्याला वर्षं लागतात.

दुसरं म्हणजे पाणी. याला पाणी कमी लागतं हे अर्धसत्य आहे. साचलेलं पाणी याला अजिबात सोसत नाही, कोवळेपणी तर नाहीच. आपली भारी काळी जमीन श्रावणात कशी होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाय रुततो, निचरा होत नाही. उत्तराखंडातल्या उताराच्या हलक्या जमिनीवरचे आकडे आणून इथे दाखवणं बरोबर नाही.

तिसरं म्हणजे कापणीनंतरचं काम. देठ कुजवायचे, धागा सुटा करायचा, वाळवायचा. कुजवायला पाणी पाहिजे आणि धागा काढायला यंत्र. ते यंत्र तालुक्यात नसेल तर शेतकऱ्याच्या हाती फक्त काड्यांचे भारे राहतात. एवढ्या हलक्या आणि जागा खाणाऱ्या मालाचं ट्रकभाडं कोण देणार, हे करारात लिहिलेलं मला अजून दिसलेलं नाही.

नागपुरात वर्धा रोडला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, महाराजबागेजवळ शंभरहून जास्त वर्षं जुनं कृषी महाविद्यालय आहे, अकोल्याला विद्यापीठ आहे. राज्याने परवानगी देऊन यांच्या प्रक्षेत्रावर दोन-तीन हंगाम चाचण्या घ्याव्यात. टीएचसी मोजावं, उंची मोजावी, धाग्याचा उतारा मोजावा. हिमाचलने विद्यापीठांना पुढे केलं ते शहाणपणाचं आहे.

तोवर ज्यांना धाग्याच्या पिकाचीच ओढ आहे त्यांच्यासाठी ताग आणि अंबाडी आहेत. दोन्हींना परवाना लागत नाही. अंबाडीची भाजी आपण खातोच, आणि बैलांची दावी-कासरे याच वाखाचे वळायचे हे जुन्या लोकांना आठवेल. बराकपूरच्या ताग संशोधन संस्थेने दोन्ही पिकांवर काम केलंय. भाव आणि ग्राहक आधी शोधा, मग पेरा, हे मात्र इथेही लागू.

इतवारी कापडवाला

मृदगंध सर, तागावरून आठवलं. बाजारात तागाचं आणि अंबाडीचं सूत ‘इंडियन हेम्प’ म्हणून विकलं जातं. खऱ्या हेम्पच्या सुताचा एचएसएन (बिलावरचा मालाचा कोड) ५३०८२० आणि ताग-अंबाडी वगैरेंच्या सुताचा ५३०७. बिलावरचा कोड बघितला की माल कळतो. हेम्प-कॉटनचं जे कापड आमच्याकडे येतं त्याचं सूत बहुतेक चीनचं. ते आणायला, विकायला अंमली पदार्थांचा कुठलाही परवाना लागत नाही. ज्या तरुणांना आठ-दहा लाखांत काही करायचंय त्यांनी पिशव्या, शर्ट, पायपुसणी यांचा विचार करावा. शिलाईच्या मजुरीत आपलं गाव आजही परवडतं.

संत्रानगरी ते डेन्व्हर

धंतोलीत वाढले, आता कोलोरॅडोत राहते. इथल्या शेतकऱ्यांचं काय झालं ते तुमच्या कामाचं आहे म्हणून लिहिते.

अमेरिकेत २०१८ च्या फार्म बिलाने ०.३ टक्क्यांपर्यंतचं हेम्प अंमली पदार्थांच्या यादीतून काढलं. परवाना राज्य देतं किंवा केंद्राचं कृषी खातं. कापणीच्या आधी ३० दिवसांच्या आत सरकारी नमुना घेतला जातो आणि आकडा जास्त आला तर त्या पिकाची विल्हेवाट लावावी लागते. २०१९ मध्ये सगळ्यांनी सीबीडीसाठी लावलं, पीक अफाट आलं आणि भाव कोसळले. गोदामात माल पडून राहिला. खरेदीचा करार करणाऱ्या कित्येक कंपन्यांनी दिवाळं काढलं. म्हणजे जिथे परवाना खरा होता तिथेही करार खोटे पडले.

आणि नियम बदलतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे हेम्पची व्याख्याच बदलली. आता एकूण टीएचसी मोजायचं आणि तयार मालाच्या एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालणार नाही. अंमल एक वर्षानंतर. त्या आकड्याखाली दुकानांतला बराच माल बसत नाही. धागा आणि बी यांवाल्यांना तेवढी झळ नाही. महाराष्ट्राने नियम केले तर ते धागा आणि बी यांपासूनच सुरू करावेत, असं मी दुरून का होईना कळकळीने सांगते.

जुनी पानं

एक माहिती, कारण परवाना हा प्रकार इथे नवा नाही. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होतं, त्या प्रांतात गांजाची लागवड सरकारी देखरेखीखाली, निमाड जिल्ह्यातल्या खंडवा भागापुरती होत होती. परवान्याशिवाय लावायचं नाही, पीक सरकारी कोठारात जमा करायचं, तिथून परवानाधारक व्यापाऱ्याने कर भरून उचलायचं. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने सगळ्या प्रांतांतून साक्षी घेतल्या आणि बंदीपेक्षा परवाना आणि कर यांचीच शिफारस केली. तो माल नशेचा होता आणि हेतू महसुलाचा, त्यामुळे तेच परत आणा असं मी म्हणत नाही. पण कोणत्या शेतात, किती, कुणाच्या देखरेखीखाली आणि माल कुठे जमा, एवढं तेव्हाचं सरकार कागदावर ठेवत होतं. सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर उपग्रह आणि प्रयोगशाळा हाताशी असताना आपल्याला ते जमणार नाही, हे पटत नाही.

उमरेडकडचा सरपंच

कोर्टकचेरी ताई, कलम ४७ वाचून झोप उडाली. आमच्या गावात एका पोराने करारावर सही केली आहे, अजून पेरलं नाही. मी काय करावं? खबर द्यावी तर पोराचं वाटोळं, न द्यावी तर माझ्यावर येणार.

कोर्टकचेरी

सरपंच साहेब, अजून काही उगवलेलं नाही, त्यामुळे खबर देण्यासारखी लागवडच झालेली नाही. आजच त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना ग्रामपंचायतीत बसवा, हा धागा वाचून दाखवा. पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव लिहा की राज्याने लागवडीचे नियम केलेले नसल्यामुळे गावात कुणीही हेम्प लावू नये. प्रत तलाठी आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या. त्याने मुलगाही वाचतो आणि तुम्हीही.

पऱ्हाटी

ताई, मग माह्या घरच्या पिशवीचं काय करू? आणि अनामतीचा चेक वटला आहे. बायको म्हणते जाळून टाका, भाऊ म्हणते धुऱ्यावर फेकून द्या.

कोर्टकचेरी

दोन्ही करू नका. धुऱ्यावर फेकलं आणि पावसात उगवलं तर ते तुमच्याच जमिनीवरचं झाड. जाळलं तर तुमच्याकडचा पुरावा गेला.

बी स्वतः गांजाच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण उगवणारं बी आणि पेरणीचा करार एकाच घरात सापडले तर प्रश्न विचारले जाणारच, म्हणून लगेच कागद तयार करा. पिशवीचे चारी बाजूंनी फोटो काढा. शिवण उसवू नका. कंपनीला पत्र लिहा की राज्यात लागवडीची परवानगी नसल्यामुळे मी पेरणार नाही, बियाणं घेऊन जा, अनामत इतक्या दिवसांत परत करा. ते स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पाठवा. त्याची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या आवकमध्ये देऊन शिक्का घ्या.

पिशवीवर लेबल आहे का ते बघा. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे बी विकणाऱ्याकडे विक्रीचा परवाना लागतो आणि पिशवीवर वाण, लॉट, उगवणशक्ती, तारीख लिहिलेली लागते. पैसे परत दिले नाहीत तर फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली करता येते. करार, चेकची नोंद आणि त्या माणसाचे मेसेज जपून ठेवा. ‘परवाना आमच्याकडे आहे’ असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर तो तुमचा सगळ्यात मजबूत कागद.

पऱ्हाटी

पिशवीवर नुसतं कंपनीचं नाव आणि पानाचं चित्र आहे. वाण नाही, लॉट नाही, तारीख नाही. बिल मागितलं तेव्हा नंतर देतो म्हणाला होता. मेसेज आहे, त्यात परवान्याचं लिहिलेलं आहे. उद्या सकाळी तालुक्याला जातो.

रामटेककर

भाऊ, पत्राचा मसुदा मी तुम्हाला व्यक्तिगत संदेशात पाठवला आहे, नाव-गाव भरा आणि सही करा. इतर कुणाला लागला तर सांगा.

आता पुढचं. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात आपल्याच गावात भरतं. त्याआधी एक निवेदन तयार करतोय. त्यात मागण्या मोजक्याच. कलम १० आणि १४ च्या आधारे धागा आणि बी यांच्यासाठी लागवडीचे नियम करा. त्याआधी अकोला विद्यापीठ आणि नागपूरच्या संस्थांना चाचणीची परवानगी द्या. परवाना शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावे असू द्या, मधल्या खरेदीदाराच्या नावे नको. आकडा ०.३ च्या वर गेला तर पीक नष्ट करा, पण प्रमाणित बी वापरलेल्या शेतकऱ्यावर गुन्हा नको. आणि नियम होईपर्यंत अशा करारांबद्दल कृषी विभागाने गावोगाव जाहीर सूचना लावावी.

मृदगंध सरांनी चाचणीचा भाग लिहून द्यावा, कोर्टकचेरी ताईंनी कलमांची भाषा बघावी, घाणेवाली ताईंनी बी प्रक्रियेचं एक पान द्यावं. संत्रानगरी ताई, तुमच्याकडच्या नमुना घेण्याच्या पद्धतीचे कागद मिळाले तर पाठवा.

घाणेवाली

माझं पान रविवारपर्यंत देते. त्यात एक मागणी माझीही घाला: टीएचसीची चाचणी नागपुरातच, परवडेल अशा दरात करून मिळावी. नमुना बाहेर पाठवून अहवालाची वाट बघण्यात माझा माल पडून राहतो. उद्या शेतकऱ्याला हीच चाचणी कापणीआधी लागेल तेव्हा त्याचं उभं पीक अडून राहील.

मृदगंध

घाणेवाली ताईंची मागणी पहिल्या पानावर घ्या. चाचणीचा मजकूर मी लिहायला घेतला आहे.